जिता दगड

आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात भिंतीला लागून एक काचेचं कपाट होतं. बाटल्यांतले साप, वाळवलेले तारामासे, शंख-शिंपल्यांच्या थाळ्या, आणि तिसऱ्या फळीवर पालथ्या वाडग्याएवढा एक पांढराशुभ्र गोळा. त्याखालची चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती : ‘पोराइटीस. मालवण. फेब्रुवारी १९८३.’

मी तेव्हा नुकताच अधिव्याख्याता झालो होतो आणि विद्यार्थ्यांची सहल घेऊन मालवणला गेलो होतो. अमावास्येच्या आसपासची संध्याकाळची ओहोटी. पाणी पार मागे गेलेलं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडपात गुडघाभर पाण्यात उभं राहून छिन्नी-हातोडीनं तो गोळा मी स्वतः फोडून काढला. होडीचा तांडेल वल्ह्याला टेकून माझा उद्योग बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, “मास्तर, तो दगड नाय. जितो आसा तो.”

मी हसलो. तो जिवंत आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही; वर्गात मी तेच तर शिकवत होतो. संघ, वर्ग, गण, सगळं तोंडपाठ. पण पुस्तकात जिवंत असणं आणि हातोडीखाली जिवंत असणं यांतला फरक मला तेव्हा कळला नाही. परत आल्यावर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात तो गोळा आठवडाभर बुडवून ठेवला. पहिले तीन दिवस प्रयोगशाळेत सडक्या मासळीचा वास कोंडला होता. मग तपकिरी-हिरवट कातडी विरघळून गेली आणि खाली राहिला तो संगमरवरासारखा सांगाडा. सुंदर दिसत होता. पुढची जवळजवळ वीस वर्षं मी तो दाखवूनच प्रवाळ शिकवले.

‘प्रवाळ’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येतं ते मंगळाच्या अंगठीतलं तांबडं पोवळं, किंवा वैद्यांकडची प्रवाळपिष्टी. ते पोवळं आपल्या समुद्रातलं नव्हेच. ते भूमध्य समुद्रातलं, आणि त्याचा व्यापार फार जुना. आपल्याकडे मोत्यांची जी किंमत, ती हिंदुस्थानात पोवळ्यांची, अशी नोंद रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकातच करून ठेवली आहे. अंगठीतलं पोवळं आणि मालवणच्या खडपातला प्रवाळ हे एकमेकांचे दूरचे भाऊबंद. पोवळ्याच्या प्रत्येक जीवाला आठ शुंडके असतात. मालवणच्या दगडी प्रवाळांना सहाच्या पटीत. पोवळ्यानं समुद्रात बेटं उभारलेली नाहीत. बेटं उभारण्याचं काम या दुसऱ्या, बिनरंगी, बिनकिमती भावाचं.

हा प्राणी आहे हे विद्वानांना पटायलाच फार उशीर झाला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मार्सिलीनं प्रवाळ पाण्यात ठेवून त्यावर उमलणारी पांढरी ‘फुलं’ पाहिली आणि प्रवाळ ही वनस्पती असल्याचं जाहीर केलं. पुढे १७२०च्या दशकात मार्सेचा पेसोनेल हा वैद्य उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर प्रवाळ काढणाऱ्यांबरोबर हिंडला. ही फुलं स्पर्श केला की मिटतात, पाणी शांत झालं की उघडतात, आणि मेली की मांसासारखी सडतात, हे त्यानं पाहिलं. ती फुलं नाहीत, प्राणी आहेत, असं त्यानं पॅरिसच्या अकादमीला कळवलं. तिथले बडे शास्त्रज्ञ रेओम्यूर यांना हे इतकं अवघड वाटलं की विषय मांडताना त्यांनी पेसोनेलचं नावच घेतलं नाही. म्हणे, त्याची बेअब्रू नको. पुढे इतरांनी तेच दाखवून दिल्यावर रेओम्यूर यांनी मान्य केलं, तोवर बरीच वर्षं गेली होती. मला या गोष्टीत नेहमी तो मालवणचा तांडेल आठवतो. सडक्या मासळीच्या वासावरून पेसोनेलला जे कळलं, ते त्याला कोणी सांगावं लागलं नव्हतं.

तर हा प्राणी कसा आहे? एक लहानशी मऊ पिशवी, तिला वरच्या बाजूला एक तोंड, तोंडाभोवती शुंडके, शुंडकांवर दंश करणाऱ्या पेशी. असा एक जीव म्हणजे पॉलिप. तो आपल्या बुडाखाली चुन्याचा थर घालतो, त्यावर बसतो, पुन्हा थर घालतो. स्वतःला विभागून शेजारी दुसरा पॉलिप तयार करतो. माझ्या गोळ्यावर असे हजारो पॉलिप होते, प्रत्येक जेमतेम मिलिमीटरभराचा, सगळे एकमेकांना कातडीनं जोडलेले. जिवंत भाग म्हणजे एवढीच ती वरची पातळ साय. आत सगळी पूर्वजांची घरं.

या सायीच्या पेशींत आणखी कोणी राहतं, आणि सगळी कथा तिथेच आहे. झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल. प्रवाळाचा तपकिरी-हिरवा रंग बहुतांशी त्याचा. ते उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं; बदल्यात त्याला सुरक्षित जागा मिळते आणि यजमानाच्या शरीरातली टाकाऊ द्रव्यं खत म्हणून मिळतात. चुना इतक्या वेगानं घालण्याची ताकद प्रवाळाला या भाडेकरूमुळे येते. म्हणूनच भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना ऊन लागतं, आणि ऊन पोचायला स्वच्छ, उथळ पाणी लागतं.

आता मालवणचं पाणी आठवा. उत्तरेला कोळंबची खाडी, दक्षिणेला कर्लीची. जून ते सप्टेंबर दोन्हींतून तांबडं पाणी समुद्रात येतं. खारटपणा उतरतो, गाळ खाली बसतो, लाटा खडक घुसळतात, किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यासुद्धा बंद असतात. अशा पाण्यात प्रवाळ वाढू नयेत, असं आम्ही शिकलो होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे कासिम आणि वाफर यांनी १९७९ साली ‘महासागर’ या नियतकालिकात पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचा लेख लिहिला, तेव्हा त्याचं महत्त्व हेच होतं. कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही भारतातली प्रवाळांची नावाजलेली ठिकाणं. कोकण त्या यादीत नव्हतं. दोनच वर्षांनी, १९८१ साली, त्याच नियतकालिकात परुळेकरांनी मालवणच्या सागरी जीवांची यादी दिली. माझी १९८३ची सहल त्या लेखाच्याच जोरावर निघाली होती. म्हणजे यादी वाचून मी पहिली गोष्ट काय केली, तर छिन्नी घेऊन गेलो.

मालवणचा प्रवाळ दिसायला साधा आहे हे कबूल करायला हवं. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांची, निळ्या-जांभळ्या टोकांची जी चित्रं दिनदर्शिकांवर असतात, तसं इथे काही नाही. इथे मुख्यतः गोळे, गाठी, खडकाला चिकटलेले पापुद्रे : पोराइटीस, फॅविटीस, सायफास्ट्रिया, स्युडोसिडरास्ट्रिया, कुठे कुठे पानासारखा पसरलेला टर्बिनारिया. गाळ अंगावर पडला तर तो झटकून टाकणारी, ऊन कमी मिळालं तर रात्री शुंडके पसरून तरंगते सूक्ष्मजीव पकडून खाणारी ही चिवट मंडळी. शास्त्रज्ञ अशा ठिकाणांना सीमेवरच्या प्रवाळभित्ती म्हणतात : तग धरण्याच्या मर्यादेवर उभ्या असलेल्या. जगाचं पाणी तापत असताना अशा भित्तींकडे नव्यानं लक्ष गेलं आहे. गढूळ पाणी प्रखर उन्हाला आडोसा करतं, आणि हाल सोसायची सवय असलेला प्रवाळ कदाचित पुढचेही हाल सोसेल, असा एक तर्क आहे. माझ्या मते तर्क चांगला आहे, पण त्याच्यावर विसंबून राहावं इतका चांगला नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

१९८७च्या एप्रिलमध्ये शासनानं मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग आणि पद्मगडाचा परिसर त्या गाभ्यातच. कागदावर हे महाराष्ट्रातलं पहिलं सागरी अभयारण्य. पाण्यावर मात्र ते कधी नीट उतरलंच नाही. ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढली, तिथे उद्या आपल्यालाच गुन्हेगार ठरवतील ही मच्छीमारांची भीती होती, आणि ती खोटी म्हणता येत नाही. रापणीचं जाळं वाळूच्या किनाऱ्यावर ओढलं जातं. प्रवाळावर जाळं टाकून ते फाडून घेणारा मूर्ख मच्छीमार मी अजून पाहिला नाही. त्यांचा वैरी पर्ससीन आणि ट्रॉलर. पण अभयारण्य म्हटल्यावर पहिला हात पडणार तो छोट्या होडीवर, मोठ्या बोटीवर नाही, हे ते अनुभवानं ओळखून होते. मी दोन-तीन बैठकांना हजर होतो. नकाशे दाखवले गेले, इंग्रजी शब्द वापरले गेले. त्या पाण्यात काय जगतं आणि का, हे कोणी सांगितलं नाही. मीही उठून सांगितलं नाही. माझ्या कपाटात तो गोळा होता, आणि तो कुठून आला असं कोणी विचारलं असतं तर काय उत्तर देणार?

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानं सिंधुदुर्गात काही वर्षं एक प्रकल्प चालला. त्यातलं मला आवडलेलं काम म्हणजे ट्रॉलरच्या जाळ्याचा शेवट चौकोनी आसाचा करणं, म्हणजे लहान पिल्लं निसटून जातात. मच्छीमाराला कळणारी आणि पटणारी गोष्ट. त्याच काळात स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचा धंदा वाढला. मासळी कमी झालेल्या घरांना तो आधार झाला, यात वाद नाही. पण मे महिन्यातल्या सुटीच्या दिवशी किल्ल्यामागच्या पाण्यात काय चालतं ते मी पाहिलं आहे. पोहता न येणारा पर्यटक पाण्यात उतरतो, घाबरतो, आणि पायाखाली जे येईल त्याच्यावर उभा राहतो. जे येतं ते प्रवाळ असतं. फोटोत मासे यावेत म्हणून ब्रेडचा चुरा टाकतात. होडीचा नांगर खडपात टाकतात, तो घसटत जातो. गोव्याच्या संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली मालवणात पाणबुडी पर्यटनानं प्रवाळांची होणारी मोडतोड मोजून प्रसिद्ध केली. सामायिक मालकीच्या गोष्टीचा नाश होतो असं म्हणतात. इथे तर संरक्षित मालकीच्या गोष्टीचा होतो आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

पाय आणि नांगर दिसतात. त्यांना दटावता येतं. दिसत नाही ती उष्णता.

एखाद्या जागी वर्षातला जो सर्वांत उष्ण महिना, त्याच्या सरासरीपेक्षा पाणी एका अंशानं जास्त तापलं आणि तसंच महिनाभर राहिलं, की प्रवाळ अडचणीत येतो. आतल्या शैवालाचं ऊन पचवण्याचं यंत्र बिघडतं, त्यातून विषारी ऑक्सिजनयुक्त रसायनं तयार होतात, आणि प्रवाळ आपल्या भाडेकरूला बाहेर काढतो. रंग गेल्यावर पारदर्शक कातडीतून खालचा चुना दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो. तो उपाशी असतो. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शैवाल परततं, नाही तर तो मरतो आणि त्याच्यावर हिरवट तुरा चढतो. मालवणात २०१४ ते २०१९ या काळात असं विरंजन पुन्हा पुन्हा झाल्याची नोंद आहे. गढूळ पाण्याच्या आडोशाबद्दल मी वर हात राखून बोललो, ते यामुळे.

त्या काळातल्या एका हिवाळ्यात, निवृत्तीनंतर, मी पहिल्यांदा तोंडाला नळी लावून मालवणच्या पाण्यात उतरलो. साठीतला माणूस, पोट सुटलेलं, पायांत रबरी पंख. खाली बघितलं आणि मला वाटलं, कोणीतरी माझं कपाट पाण्यात उपडं केलं आहे. पांढरे गोळे. मी आठवडाभर ब्लीचिंग पावडर घालून जे केलं होतं, ते समुद्रात आपोआप झालं होतं.

विरंजनानंतर भित्ती सावरते का, आणि किती दिवसांत? मालवणची मोजणी तुटक आहे, त्यामुळे याचं उत्तर शोधायला त्याच अरबी समुद्रात दक्षिणेला लक्षद्वीपपर्यंत जावं लागतं. १९९८च्या एल निनोत तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. मैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी तेव्हापासून अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांवर त्याच त्या जागी उतरून मोजणी चालू ठेवली. १९९८, २०१०, २०१६ असे तीन मोठे तडाखे त्यांच्या वहीत आले. चोवीस वर्षांत जिवंत प्रवाळांनी झाकलेला भाग सुमारे ३७ टक्क्यांवरून १९-२० टक्क्यांवर आला, म्हणजे निम्मा उरला. पण मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. प्रत्येक तडाख्यात मरणाऱ्या प्रवाळांचं प्रमाण कमी होत गेलं, कारण नाजूक होते ते आधीच गेले. आणि सावरण्याचा वेगही मंदावत गेला. तडाख्याविना सलग सहा वर्षं मिळाली तरच भित्ती नीट उभारी धरत होती. सहा वर्षं. १९९८नंतर बारा वर्षं मिळाली, २०१०नंतर सहा. आणि एप्रिल २०२४मध्ये तर जागतिक पातळीवरचं चौथं विरंजन चालू असल्याचं जाहीर झालं.

लक्षद्वीपची बेटं समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच. भोवतीची प्रवाळभित्ती हाच त्यांचा धक्का, हीच भिंत. ती गेली तर काय होतं, याचा नमुना मन्नारच्या आखातात आहे. तिथे चुन्यासाठी आणि बांधकामासाठी वर्षानुवर्षं प्रवाळ खणून काढले. एकवीस बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली. उष्णतेची गोष्टच नव्हती तिथे, पहारी आणि टोपल्या पुरल्या.

असं असताना, इथला प्रवाळ उचलून तिकडे लावावा, हा उपाय हल्ली फार लोकप्रिय आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी २०२० साली हाजीअली आणि वरळीजवळच्या अठरा वसाहती परवानगी घेऊन हलवण्यात आल्या. काम काळजीपूर्वक झालं, आणि मुंबईच्या पाण्यात प्रवाळ आहेत हे त्यानिमित्तानं मुंबईकरांना कळलं, हाही फायदाच. पण अठरा वसाहती हलवता येतात. भित्ती हलवता येत नाही. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखलं जाणारं आंग्रिया बँक. माथ्यावर वीस-पंचवीस मीटर पाणी, गाळ नाही, ऊन खोलवर जातं, आणि प्रवाळ भरपूर. डिसेंबर २०१९मध्ये तिथे शास्त्रज्ञांची मोहीम जाऊन आली. पण अभयारण्याचा कायदा चालतो तो किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत. आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे. मालवणला कायदा आहे आणि अंमल नाही. आंग्रियाला तो कायदाच पोचत नाही.

कायद्यावरून आठवलं. जुलै २००१मध्ये सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले, वाघाच्या रांगेत. त्या वर्षी मी कपाटातला गोळा फळीवरून काढला आणि ओशाळवाणं होऊन वनखात्याला पत्र लिहिलं. नोंद झाली, गोळा विभागाकडेच राहिला. त्याच्या अठरा वर्षं आधी, तो नवा असताना, एका फरशीवाल्याकडून मी त्याची मधोमध पातळ चकती कापून घेतली होती आणि डॉक्टर मित्राच्या दवाखान्यात तिचा एक्स-रे काढला होता. झाडाच्या खोडासारखे वर्षाला एक दाट आणि एक विरळ असे पट्टे प्रवाळातही पडतात, हे १९७२ साली दाखवून दिलं गेलं होतं. मला ते स्वतः बघायचं होतं. अकरा जोड्या मोजल्या. उंची जेमतेम दहा सेंटीमीटर. अकरा पावसाळे, अकरा वेळा खाडीचं तांबडं पाणी अंगावरून गेलेलं. फोडायला मला पंधरा मिनिटंही लागली नव्हती.

गेल्या फेब्रुवारीत पुन्हा मालवणला गेलो. तो तांडेल आता नाही. त्याचा नातू पर्यटकांना किल्ल्यामागे पाण्यात उतरवतो. आजोबांची मला आठवण आहे म्हटल्यावर त्यानं पैसे घ्यायला नकार दिला, मी दिले. त्यानं होडी खडपाच्या बरीच अलीकडे थांबवली. खाली वाळूचा मोकळा तुकडा होता, तिथे नांगर टाकला, दोरी ताणून पाहिली. होडीतलं पुण्याचं कुटुंब कुरकुरलं. शेजारची होडी थेट खडपावर उभी आहे, आम्हालाच एवढं लांब पोहायला का लावता? पोरगा म्हणाला, “नांगर थंय टाकूचो नाय. खाली जित्ते आसत.” मग त्यांना नीट कळावं म्हणून शुद्ध मराठीत पुन्हा सांगितलं, आणि प्रत्येकाच्या कमरेला रबरी कडं अडकवलं, म्हणजे कोणाला खाली पाय टेकायची वेळ येऊ नये. शेजारच्या होडीचा नांगर मात्र खडपातच होता. त्या होडीवाल्याशी तो रोज भांडतो, असं त्यानं परतताना मला सांगितलं.